म्हाताऱ्या हाताला सूट नको

पियानोची पट्टी दाबली की ती साधारण एक सेंटिमीटर खाली जाते. बोटाला जे काही करायचं असेल ते तेवढ्या अंतरात. पट्टी तळाला टेकण्याच्या जरा आधीच आतली हातोडी यंत्रणेतून सुटते, मोकळी उडते, तारेवर आपटते आणि मागे येते. त्यानंतर बोट पट्टीवर थरथरवा, आणखी जोराने दाबा, डोळे मिटून मान डोलवा, त्या स्वराला काही फरक पडत नाही. पेटीवाल्याला निदान भात्यावरच्या हाताने धरलेला स्वर फुगवता येतो, ओसरू देता येतो. सारंगीवाल्याकडे मींड आहे. पियानोवाल्याकडे यातलं काहीच नाही. त्याचा स्वर उमटला त्या क्षणापासून विझायलाच लागतो. त्याच्या हाती उरतात ती मोजकी मापं: हातोडी किती वेगाने सोडायची, नेमकी कधी सोडायची, पट्टी कधी उचलायची आणि पायाखालच्या पेडलने तारा किती वेळ मोकळ्या ठेवायच्या. पियानोवर ज्याला आपण 'भावपूर्ण वादन' म्हणतो ते सगळं या मापांतून निघतं. वयोवृद्ध पियानोवादकाच्या कलेविषयी लिहायला बसलं की आधी हे यंत्र डोळ्यांसमोर ठेवावं लागतं. या विषयावरचं बरंचसं लिखाण यंत्र विसरतं आणि पिकलेले केस, सुरकुतलेले हात, आयुष्याने शिकवलेलं शहाणपण यांच्याकडे वळतं. असं लिहिणं सोपं जातं, म्हणूनच त्याचा मोह टाळायला हवा.

मराठी श्रोत्याला हा मोह जास्तच होतो, कारण त्याचा कान गाण्यावर तयार झालेला असतो. 2007च्या सवाई गंधर्व महोत्सवात भीमसेन जोशी गायले तेव्हा ते 85 वर्षांचे होते. अशा वेळी ऐकणारा नुसता ऐकत नाही. गळ्यात उरलेलं तो ऐकतो आणि ओसरलेलं आठवणीतून भरून घेतो. त्यात गैर काही नाही, कारण गवयाचं वाद्य त्याच्या शरीरातच असतं; ते त्याच्याबरोबर म्हातारं होतं, आणि त्या म्हातारपणाशी तो कसा वागतो हाही गाण्याचाच भाग होतो. पियानोचं तसं नसतं. लाकूड, लोखंडी चौकट आणि तारा वादकाबरोबर थकत नाहीत. तंत्रज्ञाने चोख लावलेला पियानो 20 वर्षांच्या पोरापुढे आणि 90 वर्षांच्या म्हाताऱ्यापुढे सारखाच असतो. थकतात ती बोटं, मनगट, डोळे, स्मरणशक्ती. म्हणून गवयाला आपण देतो ती सूट पियानोवाल्याला द्यायची गरज नाही, आणि दिली तर त्याच्यावर अन्याय होतो. थकलेल्या हातातून अजूनही जे उत्तम निघतं ते मोजून दाखवण्याजोगं असतं. सूट दिली की मोजायचं राहूनच जातं. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते तपासायला एक माणूस फार सोयीचा आहे.

तो माणूस म्हणजे व्लादिमिर होरोविट्झ. जन्म 1903चा, युक्रेनमधला. 1925मध्ये त्यांनी सोव्हिएत रशिया सोडला आणि 20 एप्रिल 1986 रोजी, वयाच्या 82व्या वर्षी, मॉस्को कॉन्झर्वेटरीच्या मोठ्या सभागृहात ते पुन्हा वाजवायला बसले. मधे 61 वर्षं गेली होती. पियानो त्यांचा स्वतःचा, अमेरिकेहून आणलेला. त्या कार्यक्रमाचं चित्रीकरण सहज मिळतं, आणि ते आधी पाहावं, मग डोळे मिटून पुन्हा ऐकावं. पाहताना पहिली गोष्ट लक्षात येते ती ही की बघण्यासारखं तिथे फारसं काही नाही. पाठ ताठ, चेहरा जवळजवळ निर्विकार, मनगट खाली, बोटं इतकी सपाट की कुठल्याही शिक्षकाने विद्यार्थ्याला दटावावं, आणि करंगळी गरज लागेपर्यंत आत वळलेली. अंगविक्षेप शून्य. कार्यक्रम संपल्यावरच्या जादा तुकड्यांत श्युमानचं 'ट्रॉयमेराय' येतं. 1838मध्ये लिहिलेल्या 'किंडरझेनेन' या 13 छोट्या तुकड्यांच्या मालिकेतला हा सातवा, म्हणजे बरोबर मधला. लिखित स्वरूपात अवघे 24 ताल-खंड, त्यातले पहिले आठ दोनदा वाजवायचे. पियानो शिकणारी शाळकरी मुलंही तो वाजवतात. वेगाची परीक्षा नाही, ताकदीची नाही. आणि तरीही तो मोडायला फार सोपा आहे.

का, ते जवळून पाहू. चाल एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी घेते, थांबते, मग चढत चढत वरच्या टोकाला जाते आणि तिथून हळूहळू उतरते. हीच कमान पुन्हा पुन्हा येते, दर वेळी थोड्या वेगळ्या उंचीवर. खाली एकाच वेळी आणखी दोन-तीन धुनी चालू असतात. चार माणसांचं एक कुटुंब एका खोलीत हलक्या आवाजात बोलत असावं तशा. दहा बोटांनी हे सगळं वाजवायचं, आणि वरची चाल पुढे यायला हवी, पण ओरडायला नको. खालचे आवाज ऐकू यायला हवेत, पण अंगावर यायला नकोत. म्हणजे एकाच हाताच्या पाच बोटांनी, त्याच क्षणी, वेगवेगळ्या वेगाने हातोड्या सोडायच्या. होरोविट्झ हे ज्या सहजतेने करतात त्यात त्यांची खरी कमाई आहे. चालीच्या टोकाचा स्वर ते सगळ्यात मोठा करत नाहीत. टोक येता येता आवाज उतरवतात आणि वेळ किंचित ताणतात, त्यामुळे टोक उंच वाटतं पण जड वाटत नाही. शेवटच्या फेरीत श्युमानने वरच्या स्वरावर थांबायची खूण केली आहे. तिथे तो स्वर विझू दिला जातो आणि पुढचा अशा बेताने येतो की तो आधीच्याच्या उरलेल्या धुगधुगीतून निघाल्यासारखा वाटावा. पियानोवर मींड नाही हे वर म्हटलं. मींडीचा भास मात्र होतो, आणि तो असाच होतो: विझणारा स्वर जिथवर आला असेल त्याच आवाजात पुढचा स्वर उचलायचा. त्याला कान लागतो आणि सवय लागते. दंडाची ताकद त्यात कुठेच लागत नाही.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो, आणि तो कच्चा नाही. चित्रीकरणात या तुकड्याच्या वेळी एका श्रोत्याच्या गालावरून अश्रू ओघळताना दिसतो; तो चेहरा जगभर गाजला. पण तो अश्रू होरोविट्झच्या बोटांचा कशावरून? 61 वर्षांनी परतलेला माणूस, शीतयुद्धातले दोन देश, तिकिटं मिळणं दुरापास्त, बाहेर ताटकळलेले विद्यार्थी. शिवाय एक गोष्ट पाश्चात्त्य समीक्षकांच्या लिखाणात सहसा येत नाही: सोव्हिएत माणसाच्या कानात 'ट्रॉयमेराय' ही आधीपासूनच शोकधून होती. महायुद्धातल्या मृतांसाठी 1965पासून विजयदिनी जे मौनाचं मिनिट प्रसारित होत असे, त्यात ती समूहस्वरात असायची. व्होल्गोग्राडच्या मामायेव टेकडीवरच्या स्मारकातही तीच घुमते. बालपणाच्या आठवणींवर जर्मन संगीतकाराने लिहिलेला तुकडा, जर्मनांशी लढून मेलेल्यांसाठी. अशा सभागृहात ही चाल कोणीही सुरू केली असती तरी रुमाल निघाले असते, असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. अश्रू हा पुरावा म्हणून बादच करावा. पण अश्रू बाद केले म्हणून स्वरांमधली ती मापं बाद होत नाहीत. ज्याला युद्ध माहीत नाही, रशियन येत नाही आणि होरोविट्झ कोण हेही ठाऊक नाही, अशा माणसालाही वरची चाल आणि खालच्या धुनी यांच्यातलं अंतर ऐकू येतं. त्याला फक्त कुठे कान द्यायचा ते सांगावं लागतं.

आणि वय झालं की लोक आपोआप विरघळतात हेही खरं नाही. याच होरोविट्झना तीन वर्षं आधी, 1983मध्ये, टोकियोत ते समजलं होतं. तेव्हा ते 79 वर्षांचे. तिकिटं भयंकर महाग, उत्सुकता शिगेला, आणि प्रत्यक्षात वाजवणं कोसळलं: स्वर गळत होते, जागा विसरल्या जात होत्या. हिदेकाझु योशिदा या ज्येष्ठ जपानी समीक्षकाने त्यांची गणना तडा गेलेल्या पुराणवस्तूंत केली. जपान हा वडीलधाऱ्यांचा मान ठेवणारा देश, तरी तिथे त्यांना वयाची सूट मिळाली नाही. आणि त्यातच त्यांचं भलं झालं असं मला वाटतं. त्या काळात त्यांना नैराश्यावरची जड औषधं चालू होती हे पुढे उघड झालं. औषधं सुटली, दोन वर्षं ते व्यासपीठापासून दूर राहिले, आणि मॉस्कोनंतर त्याच 1986च्या उन्हाळ्यात टोकियोला पुन्हा जाऊन नीट वाजवून आले. हिशेब मांडून बघा. 1983पेक्षा 1986मध्ये वय वाढलेलं आहे आणि वादन सुधारलेलं आहे. म्हणजे टोकियोतली पडझड म्हातारपणाच्या खात्यावर टाकता येत नाही, आणि मॉस्कोतलं सौंदर्यही त्या खात्यावर जमा करता येत नाही. दोन्हींची कारणं दुसरीकडे शोधावी लागतात.

त्यातलं एक कारण दोन्ही कार्यक्रमपत्रिका शेजारी ठेवल्या की दिसतं. टोकियोत बेथोव्हेनचा उत्तरकाळातला सोनाटा होता, श्युमानचं लांबलचक 'कार्नावाल' होतं, शोपाँच्या मोठ्या रचना होत्या. मॉस्कोत स्कार्लाटीचे छोटे सोनाटे, मोझार्टचा सी मेजरमधला एक मध्यम सोनाटा, रखमानिनोव्हचे दोन प्रेल्यूड, स्क्रियाबिनचे दोन एट्यूड, लिस्ट, शोपाँचे दोन माझुर्का. जवळजवळ सगळं आटोपशीर. गडगडाटाच्या जागा मोजक्या, आणि त्यांच्या मधे हाताला विसावा. याला कोणी लबाडी म्हणेल. मी त्याला निवड म्हणतो, आणि निवड हा कलेचा भाग नाही असं मानणाऱ्याने मैफलीत राग कुठल्या क्रमाने मांडावेत यावर रात्री जागवू नयेत. पॉल बाल्टेस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने वार्धक्यावरचा आपला सिद्धान्त समजावताना उदाहरण घेतलं ते आर्थर रुबिनस्टाइन या पियानोवादकाचं. ऐंशी वर्षांचे रुबिनस्टाइन एवढं छान कसं वाजवतात, याची त्यांनी स्वतःच एका मुलाखतीत तीन कारणं दिली होती. एक, ते कमी रचना वाजवतात. दोन, त्या थोड्या रचनांचा रियाज जास्त करतात. तीन, जलद जागा येण्याच्या आधी ते लय थोडी खाली घेतात, म्हणजे पुढची जागा आहे त्यापेक्षा जलद वाटते. तिसरं कारण वाचून हसू येतं, पण त्यात पियानोची सगळी कला आहे. वेग हा ऐकणाऱ्याच्या कानात असतो, आणि तो शेजारच्या लयीच्या तुलनेत ठरतो. जोराचंही तसंच आहे. आधीचं पुरेसं हळू असलं तर मध्यम आवाजही गर्जना वाटते. तरुण वादकाकडे प्रत्यक्ष वेग आणि प्रत्यक्ष जोर असतो, त्यामुळे तुलनेची ही विद्या त्याला नाही आली तरी चालून जातं. म्हाताऱ्याला ती आलीच पाहिजे. आयुष्यभर जो ताकदीवर निभावला त्याच्याजवळ म्हातारपणी काही उरत नाही, आणि अशांची रेकॉर्डिंगं आपल्याला कोणी ऐकवत नाही.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. जॉयस हॅटो या इंग्लिश पियानोवादक बाई 2006मध्ये 77व्या वर्षी वारल्या. त्या दीर्घकाळ आजारी होत्या, 1970च्या दशकानंतर व्यासपीठावर आल्या नव्हत्या, पण शेवटच्या वर्षांत त्यांच्या नावाने शंभराहून अधिक सीडी बाहेर पडल्या. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं. आजारपण, एकांत, वार्धक्य आणि त्यातून आलेली खोली, सगळं त्यांना स्वरांत ऐकू येत होतं. फेब्रुवारी 2007मध्ये कोणीतरी त्यांची लिस्टच्या एट्यूडची सीडी संगणकात घातली आणि संगणकाने वादकाचं नाव दाखवलं ते लाझ्लो सिमॉन. 'ग्रामोफोन' मासिकाने तपास करवला, आणि कळलं की सीडीमागून सीडी दुसऱ्या वादकांच्या होत्या. काही ठिकाणी वेग जरासा बदलून लपवलेल्या. बाईंच्या नवऱ्याने पुढे कबुली दिली. म्हणजे ज्याला लोक म्हातारपणाची परिपक्वता म्हणून दाद देत होते ती धडधाकट, बहुधा अनोळखी पियानोवादकांची मेहनत होती. मग होरोविट्झमध्ये आपण ऐकतो तेही गोष्टीनेच कानात घातलेलं नसेल कशावरून?

या प्रकरणातून वयस्क वादकांच्या कौतुकालाच सुरुंग लागला असं पुष्कळांनी म्हटलं. मला ते उलटं दिसतं. समीक्षकांनी वादन चांगलं आहे म्हटलं, आणि ते चांगलंच होतं. चोर चांगलाच माल उचलतो. ते फसले ते चरित्र ऐकायला गेले म्हणून. नीट मोजलं असतं तर संशय यायला जागा होती, आणि ती स्वरांच्याही आधी यादीत होती. हॅटोबाईंचा रचनासंग्रह वयाबरोबर फुगत चालला होता, अगदी पियानोवरच्या सर्वांत अवघड समजल्या जाणाऱ्या गोदोव्स्कीच्या एट्यूडपर्यंत. शिवाय प्रत्येक संगीतकारागणिक हात बदललेला. खरा म्हातारा वादक असा वागत नाही. तो रुबिनस्टाइनसारखा काटछाट करतो, होरोविट्झसारखा आटोपशीर पत्रिका लावतो, आणि स्कार्लाटीपासून स्क्रियाबिनपर्यंत त्याचा हात चार स्वरांत ओळखू येतो. म्हणजे वयाची खूण वादनात असते, पण ती 'खोली' नावाच्या धुक्यात नसते. काय वाजवायचं सोडलं, लय कुठे आवरली, जोर कुठे राखून ठेवला, अशा कोरड्या ठिकाणी ती सापडते. हॅटो प्रकरणाने आपल्याला धडा दिला तो ऐकण्यातल्या आळसाचा.

चुकलेल्या स्वरांबद्दलही बोलायला हवं, कारण वयस्क वादकाविषयी पहिली तक्रार तीच असते. मॉस्कोत होरोविट्झचे स्वर चुकले आहेत, ऐकणाऱ्याला ते कळतात. पण ते आधी चुकत नव्हते का? 9 मे 1965 रोजी, बारा वर्षांच्या अज्ञातवासानंतर, ते न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये परतले तेव्हा 61 वर्षांचे होते, आणि बाखच्या पहिल्याच रचनेच्या तोंडालाच त्यांचा हात घसरला. त्या वेळच्या रेकॉर्डमध्ये चुका झाकून घेतल्या गेल्या. जसंच्या तसं ध्वनिमुद्रण 2003मध्ये आलं, आणि ऐकणाऱ्यांना तेच अधिक आवडलं. चुकीचा स्वर हा दोष आहे, तो दोष म्हणूनच मोजावा, पण त्याचं वजन किती धरायचं हा प्रश्न आहे. पट्टी शेजारची लागली तर एक स्वर जातो. प्रमाण चुकलं तर वाक्यच जातं. शुद्धलेखनाची एक चूक असलेलं चांगलं पत्र आणि निर्दोष टंकलेलं निर्जीव पत्र यांत आपण कुठलं जपून ठेवतो हे सांगायला नको. मीचिस्लाव होर्शोव्स्की यांचं उदाहरण इथे आणखी टोकाचं आहे. 1892चा जन्म, लहान पंजे, उतारवयात नजर गेलेली, त्यामुळे सगळं स्मरणातून. शेवटचा एकल कार्यक्रम त्यांनी 1991मध्ये फिलाडेल्फियात केला, वयाच्या 99व्या वर्षी. नव्वदी उलटल्यानंतरची त्यांची ध्वनिमुद्रणं ऐकली तर जोर कमी आहे हे लगेच कळतं, आणि तो त्यांनी मागितलेलाही नाही. मोठ्या आवाजाची वरची कडा खाली आली म्हणून त्यांनी खालची कडा आणखी खाली नेली आहे, त्यामुळे मधली जागा तेवढीच राहिली. चित्रकाराकडचा पांढरा रंग संपत आला की तो काळा गडद करतो, तसं.

मग वयाने काहीच मिळत नाही का? मिळत असेल, पण ते वादनातून दाखवता येत नाही, आणि जे दाखवता येत नाही त्याची दाद देताना हात आखडता ठेवावा. अनुभव हा शब्द आपण या बाबतीत फार सैल वापरतो. पुष्कळ जगलेल्या माणसाच्या हातून निर्जीव वाजवणं निघतं, आणि वीस वर्षांच्या कोणाच्या तरी हातून उत्तम माझुर्का निघतो. एवढं मात्र म्हणता येतं की वय झालं की लपायच्या जागा कमी होतात. वेगाच्या, आवाजाच्या, देखणेपणाच्या आडोशाला उभं राहता येत नाही, आणि प्रमाण साधलं आहे की नाही हे पहिल्या मिनिटात कळून येतं. म्हातारे वादक ऐकण्यासारखे असतात ते या उघडेपणामुळे. पियानो ऐकायला शिकायचं असेल तर सुरुवात तिथून करावी असं मी म्हणेन, आणि तरुण झंझावाताकडे नंतर जावं.

होरोविट्झचं शेवटचं ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या घरी, 1989च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं आणि 1 नोव्हेंबरला संपलं. हायडनचा एक सोनाटा, शोपाँ, लिस्ट, आणि वाग्नरच्या 'ट्रिस्टान'मधला शेवट लिस्टने पियानोवर उतरवलेला. यातली एकही रचना त्यांनी आधी कधी ध्वनिमुद्रित केलेली नव्हती. वय 86. चार दिवसांनी, 5 नोव्हेंबरला, ते गेले. ही तारीख त्या सीडीच्या वेष्टनावर आणि प्रत्येक लेखात सापडते, आणि ती डोक्यात घेऊन ऐकायला बसलं की प्रत्येक स्वर निरोपाचा वाटायला लागतो. तसं ऐकू नका. वाग्नर शेवटी ठेवा. आधी हायडनचा सोनाटा लावा, तोही त्याच्या पहिल्या भागापासून, आणि डावा हात किती हलका आहे तेवढंच ऐका.